एकही नॉर्म नसलेली ग्रँडमास्टर
प्रस्तावना

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमी शहरात दिव्या देशमुख ग्रँडमास्टर झाली, तेव्हा तिच्या नावावर ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. महिला विश्वचषक जिंकणाऱ्या खेळाडूला जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजे फिडे, ही पदवी थेट देतो. त्या नियमाने नागपूरची एकोणीस वर्षांची मुलगी भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली. कोनेरू हंपी, द्रोणवल्ली हरिका आणि आर. वैशाली यांच्यानंतर हा मान मिळवणारी ती चौथी भारतीय महिला.

बातमी आमच्याकडे आली तेव्हा आनंदाच्या मागोमाग एक कुजबुजही आली. नॉर्म नाहीत, रेटिंग अडीच हजारांच्या आत, मग ही पदवी कमावलेली म्हणायची की मिळालेली? बुद्धिबळ कळणारी माणसंच हे विचारत होती, त्यामुळे प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. या पुस्तकातले डाव त्याचं उत्तर आपल्या परीने देतातच. प्रस्तावना लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं आहे, तेव्हा त्या प्रश्नामागचा इतिहास मी सांगतो. तो मुंबईतून आणि बुडापेस्टमधून येतो, आणि तो माहीत नसेल तर दिव्याचे डाव अर्धेच वाचले जातात.

आधी नॉर्म म्हणजे काय ते सांगतो, कारण हे पुस्तक शाळकरी मुलांच्याही हातात पडणार आहे. ग्रँडमास्टर व्हायचं तर नेहमीची वाट अशी: ठरावीक दर्जाच्या स्पर्धेत, परदेशी आणि पदवीधारक खेळाडूंविरुद्ध, २६०० रेटिंगच्या तोडीची कामगिरी करायची. ती झाली की एक नॉर्म. असे साधारणपणे तीन नॉर्म, मिळून किमान २७ डावांचे, आणि शिवाय केव्हातरी एकदा २५०० रेटिंग गाठलेलं. ऐकायला सोपं वाटतं. पण नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी अर्धा गुण कमी पडला की नॉर्म गेला, आणि पुढच्या संधीसाठी पुन्हा तिकीट, पुन्हा हॉटेल, पुन्हा प्रवेश फी. युरोपात महिनोन्‌महिने राहून नॉर्मच्या मागे फिरणारी कितीतरी भारतीय मुलं आहेत. बुडापेस्टमध्ये दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सुरू होणाऱ्या स्पर्धांची मालिका अशाच खेळाडूंमुळे जगभर माहीत झाली.

थेट पदवीची वाट वेगळी आहे. तिथे कामगिरीची सरासरी निघत नाही. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एक सामना हरलात की घरी. शंभरावर खेळाडूंमधून शेवटपर्यंत टिकायचं, आणि टिकलात तरच सगळं मिळतं. दुसऱ्या क्रमांकाला ही पदवी नाही. या वाटेला सोपी म्हणणाऱ्याने बातुमीचं कोष्टक एकदा समोर घ्यावं.

आणि पदवीवरचा वाद काही दिव्यापासून सुरू झालेला नाही. ज्या जॉर्जियात ती जिंकली, त्याच जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विली या १९७८ मध्ये जगातल्या पहिल्या महिला ग्रँडमास्टर झाल्या. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या लोन पाइन स्पर्धेत त्या पुरुषांमध्ये खेळून संयुक्तपणे पहिल्या आल्या होत्या. नियमाप्रमाणे मोजायचे डाव थोडे कमी पडत होते. फिडेने त्यांची एकंदर कामगिरी पाहून पदवी दिली, आणि तेव्हाही लोक हेच म्हणाले की नियम वाकवला. जानेवारी १९९१ मध्ये हंगेरीच्या झुझा पोल्गार, ज्यांना जग पुढे सुझन पोल्गार म्हणून ओळखू लागलं, नेहमीच्या वाटेने म्हणजे नॉर्म आणि रेटिंग दोन्ही पूर्ण करून ग्रँडमास्टर झालेल्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांच्या बाबतीत कुजबुजीला जागाच नव्हती. पण त्यांच्या वाटेत त्याआधी काय काय आडवं आलं, ते पाहिलं की नुसते नॉर्म मोजून पदवीची किंमत का कळत नाही ते ध्यानात येतं.

पोल्गार बहिणी तिघी: झुझा, झोफिया आणि युदित. वडील लास्लो यांचं ठाम मत होतं की प्रतिभा जन्मावर अवलंबून नसते, ती घडवता येते. तिघींना त्यांनी शाळेत न घालता घरीच शिकवलं आणि बुद्धिबळ हा अभ्यासाचा मुख्य विषय केला. परदेशी स्पर्धांना मुलींबरोबर बहुतेक वेळा आई क्लारा जायच्या. १९८६ मध्ये झुझा हंगेरीच्या राष्ट्रीय स्पर्धेतून जागतिक अजिंक्यपदाच्या विभागीय फेरीसाठी पात्र झाल्या, पण ती स्पर्धा पुरुषांची असं सांगून त्यांना खेळू दिलं गेलं नाही. त्याच सुमाराला फिडेने जगातल्या सगळ्या महिला खेळाडूंच्या रेटिंगमध्ये शंभर गुणांची भर टाकली. एकट्या झुझाला वगळलं. कारण सांगितलं गेलं ते असं की त्या पुरुषांशी खेळतात, त्यामुळे त्यांचं रेटिंग आधीच खरं आहे. झुझा त्या यादीत पहिल्या क्रमांकावरून खाली आल्या. सतरा वर्षांच्या मुलीला तिच्याच खेळाच्या महासंघाने दिलेली ही वागणूक वाचताना आजही संताप येतो.

धाकट्या युदितची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. डिसेंबर १९९१ मध्ये हंगेरीची खुली राष्ट्रीय स्पर्धा जिंकून ती १५ वर्षं ४ महिन्यांची असताना ग्रँडमास्टर झाली आणि बॉबी फिशरचा सर्वांत लहान वयाचा विक्रम तिने मोडला. महिलांच्या जागतिक अजिंक्यपदासाठी ती कधीच खेळली नाही. तिला फक्त मोठ्या पटावर, सगळ्यांच्या बरोबर खेळायचं होतं. १९९४ मध्ये लिनारेसला गॅरी कास्पारोव्हने घोडा हलवला, हात सोडला आणि मग तो परत घेऊन दुसरीकडे ठेवला. पटासमोर बसलेली सतरा वर्षांची युदित त्या क्षणी तक्रार न करता खेळत राहिली आणि डाव हरली. २००२ मध्ये मॉस्कोला रशिया विरुद्ध शेष जग या सामन्यात तिने त्याच कास्पारोव्हला हरवलं. २००५ मध्ये तिचं रेटिंग २७३५ झालं. महिलेचं रेटिंग त्याआधी किंवा त्यानंतर तिथवर गेलेलं नाही.

ही झाली बुडापेस्टची कथा. पण ज्या वर्षी युदितचा जन्म झाला, त्या १९७६ मध्ये, मुंबईत एका तेरा वर्षांच्या मराठी मुलीने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पटासमोर बसण्याचा हक्क मिळवला होता. तिचं नाव रोहिणी खाडिलकर. आपल्याकडे पोल्गार बहिणींवर भरभरून लिहिणाऱ्यांना खाडिलकर बहिणींचा विसर पडतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून इथे जरा थांबतो.

गिरगावातलं 'नवाकाळ'चं घर. 'कीचकवध' आणि 'मानापमान' लिहिणाऱ्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ मध्ये सुरू केलेलं हे दैनिक. त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर पुढे 'अग्रलेखांचा बादशहा' म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. त्यांच्या तीन मुली: वासंती, जयश्री आणि रोहिणी. भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ मध्ये बंगळुरूला झाली, ती वासंतीने जिंकली. त्यानंतरची दहा वर्षं हा किताब या घराबाहेर गेला नाही. कधी जयश्री, कधी रोहिणी. १९७९ मध्ये जयश्री महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली. ही पदवी मिळवणारी ती पहिली भारतीय.

रोहिणी १९७६ मध्ये राष्ट्रीय महिला विजेती झाली आणि त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरली. त्याआधी एकही भारतीय महिला तिथे खेळली नव्हती. एकच गदारोळ उठला. मुलीने पुरुषांत खेळायचं की नाही, हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल तिच्या बाजूने लागला. फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष, माजी जगज्जेते माक्स युवे यांनीही स्पष्ट केलं की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत महिलांना मज्जाव करता येणार नाही. झुझा पोल्गारला विभागीय फेरीतून परत पाठवलं गेलं त्याच्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट आहे. म्हणजे नियम कागदावर झालेला होता. तरीही तो पुन्हा पुन्हा, देशोदेशी, एकेका मुलीला भांडून मिळवावा लागला.

रोहिणी पुढे १९८१ मध्ये हैदराबादला आशियाई विजेती झाली, १२ डावांत साडेअकरा गुण, एकही हार नाही. १९८३ मध्ये क्वालालंपूरला पुन्हा. १९७८ च्या ब्यूनस आयर्सपासून १९८६ च्या दुबईपर्यंत पाच ऑलिम्पियाडमध्ये ती भारताकडून खेळली. तिच्यानंतर सांगलीची भाग्यश्री साठे आली, मुंबईची अनुपमा अभ्यंकर आली. ही परंपरा तुटली नाही. मात्र या सगळ्या जणींच्या काळात भारतात एकही महिला ग्रँडमास्टर, म्हणजे पुरुषांच्याच बरोबरीची पदवी असलेली, झाली नाही. ती झाली २००२ मध्ये. आंध्रची कोनेरू हंपी १५ वर्षं १ महिन्याची असताना ग्रँडमास्टर झाली आणि तिने विक्रम मोडला तो युदित पोल्गारचा. महिलांमध्ये सर्वांत लहान वयाची ग्रँडमास्टर हा मान हंगेरीतून भारतात आला. तेवीस वर्षांनी बातुमीत अंतिम सामन्याला दिव्यासमोर बसली ती हीच हंपी. आता पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा, नागपूरचा. आई-वडील दोघेही डॉक्टर. घरात कुणी बुद्धिबळपटू नाही, लास्लो पोल्गारसारखा कुणाचा सिद्धांत नाही. थोरली बहीण बॅडमिंटन शिकायला जायची, पाच वर्षांची दिव्याही मागे गेली, पण तिचा हात जाळीपर्यंत पोचेना. तिथेच बुद्धिबळाचा वर्ग भरत होता, तिला तिथे बसवलं. एवढीच सुरुवात. नागपूरचे प्रशिक्षक राहुल जोशी हे तिचे पहिले गुरू. ते २०२० मध्ये फार लवकर गेले. आपल्या शिष्येचं यश पाहायला ते हवे होते. २०१२ मध्ये सात वर्षांखालील राष्ट्रीय विजेतेपद, २०१४ मध्ये दरबानला दहा वर्षांखालील आणि २०१७ मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालील जागतिक विजेतेपद. २०२१ मध्ये ती महिला ग्रँडमास्टर (ही फक्त महिलांसाठीची, ग्रँडमास्टरहून खालची वेगळी पदवी) झाली, २०२२ मध्ये राष्ट्रीय महिला विजेती, २०२३ मध्ये अल्माटीला आशियाई विजेती.

२०२३ सालातला कोलकात्याचा एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. टाटा स्टीलच्या जलद स्पर्धेत ती ऐनवेळी, दुसऱ्या एका खेळाडूच्या जागी आली होती. मानांकनात सगळ्यांत खाली. समोर जगज्जेती जू वेनजुन होती, हंपी होती, हरिका होती. स्पर्धा दिव्याने जिंकली. लोकांच्या नजरेत ती तेव्हा आली, पण ज्यांनी तिचे लहानपणचे डाव पाहिले होते त्यांना त्यात नवल वाटलं नाही. ती बरोबरीवर समाधान मानत नाही. प्यादं देऊन चढाई मिळत असेल तर ती प्यादं देते. कधी त्यात पडतेही, आणि पुढच्या डावाला पुन्हा तशीच बसते.

त्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, नेदरलँड्समधल्या वाइक आन झीच्या स्पर्धेनंतर तिने जाहीरपणे लिहिलं की प्रेक्षकांना आपल्या डावांपेक्षा आपले कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांत जास्त रस दिसतो, आणि पुरुष खेळाडूंच्या वाट्याला हे येत नाही. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १९७६ मध्ये रोहिणीला पटावर बसू देण्यावरून वाद होता. २०२४ मध्ये बसू तर देतात, पण पाहायचं काय ते अजून ठरायचं आहे. दिव्याने हे स्पष्ट बोलून दाखवलं याबद्दल मला तिच्या कोणत्याही किताबाइतकाच आदर आहे.

मग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुडापेस्ट. पोल्गार बहिणींच्या गावात ४५वं ऑलिम्पियाड भरलं. १९८८ मध्ये थेस्सालोनिकीला झुझा, युदित, झोफिया आणि इल्दिको माद्ल या चौघींनी सोव्हिएत महिला संघाची मक्तेदारी मोडून हंगेरीला सुवर्ण मिळवून दिलं होतं. त्यांच्याच शहरात भारताने खुल्या आणि महिला दोन्ही गटांत पहिल्यांदा सुवर्ण जिंकलं. महिला संघाचे कर्णधार होते पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. खुल्या संघात नाशिकचा विदित गुजराथी होता. आणि तिसऱ्या पटावर दिव्या: अकरा डाव, साडेनऊ गुण, वैयक्तिक सुवर्णही. शेवटच्या फेरीत अझरबैजानला हरवणं आवश्यक होतं. दिव्याने आपला डाव जिंकला, संघातल्या हरिका आणि वंतिका यांनीही जिंकला, आणि साडेतीन विरुद्ध अर्धा असा तो सामना निकाली निघाला. अकराच्या अकरा फेऱ्या न थांबता खेळणं म्हणजे दोन आठवडे रोज चार-पाच तास डोकं तापतं ठेवणं. त्याआधी जूनमध्ये गांधीनगरला ती अकरापैकी दहा गुणांनी वीस वर्षांखालील मुलींची जगज्जेती झालेली होती. कुजबुज करणाऱ्यांनी नॉर्मच्या यादीशेजारी हे दोन आकडे ठेवून पाहावेत.

बातुमीला तिचं मानांकन पंधरावं होतं. चौथ्या फेरीत दुसरं मानांकन असलेली चीनची झू जिनर, उपांत्यपूर्व फेरीत हरिका, दोघींविरुद्ध नेहमीच्या डावांनंतर गुण समसमान राहून जलद टायब्रेकवर सामना गेला आणि दोन्ही वेळा दिव्या तरली. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी. पहिला डाव बरोबरीत. दुसरा १०१ चालींचा. एकशे एक चाली म्हणजे काय, ते स्पर्धेत बसलेल्यालाच कळतं. पन्नास-साठ चालींनंतर पट जवळजवळ रिकामा होतो, हातात थोडी मोहरी उरतात, घड्याळात मिनिटं उरतात आणि प्रत्येक चालीला आधीच्या तीन तासांचा शीण लागतो. अशा वेळी समोरची जगज्जेती एक चूक करीपर्यंत धीर धरून बसणं ही चढाईखोर समजल्या जाणाऱ्या मुलीची दुसरी बाजू आहे, आणि या पुस्तकातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा डाव तो आहे.

अंतिम सामन्यात दिव्या १९ वर्षांची, हंपी ३८ वर्षांची. पहिल्या डावात पांढरी मोहरी दिव्याकडे होती. सुरुवातीतच तिला जिंकण्याची संधी मिळाली होती, ती निसटली आणि ४१ चालींत बरोबरी झाली. दुसरा डावही बरोबरीत. मग टायब्रेक: प्रत्येकी पंधरा मिनिटं आणि चालीगणिक दहा सेकंदांची भर. पहिला जलद डाव पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. घड्याळाच्या दडपणाखाली डाव इकडून तिकडे झुकला, शेवटची मोठी चूक हंपीच्या हातून झाली आणि दिव्याने ती सोडली नाही. हंपीने हात पुढे केला, दिव्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती उठून आईच्या गळ्यात पडली. आई तिथे होती.

ती आई तिथे होती, यावर मला थोडं बोलायचं आहे, कारण आमच्या भागाचा संबंध इथून सुरू होतो.

मध्य प्रदेशातल्या आमच्या बोरगावपासून नागपूर पासष्ट-सत्तर किलोमीटर. केळवद, सावनेर ओलांडलं की नागपूर आलंच. आमच्या घरांत मराठी, शाळेत बहुतेक हिंदी, दवाखाना नागपूरचा, बाजार सौसरचा किंवा नागपूरचा. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आमचा तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा इकडे मध्य प्रदेशात राहिला. २०२३ पासून सौसर आणि पांढुर्णा मिळून आमचा वेगळा जिल्हा झाला आहे. बुद्धिबळाच्या दृष्टीने आमच्या मुलांची अडचण अशी की शिकवणी नागपुरात, पण राज्याच्या निवडीसाठी उतरायचं ते मध्य प्रदेशाकडून. त्या स्पर्धा भोपाळ, इंदूर, जबलपूर अशा लांबच्या गावी. एका स्पर्धेला तीन-चार दिवस जातात. मुलगा असेल तर काका-मामाबरोबर पाठवतात. मुलगी असेल तर आधी प्रश्न येतो: सोबत कोण?

मी गावातल्या मुलांना संध्याकाळी बुद्धिबळ शिकवतो. पारावरचा जुना खेळ खेळणारी म्हातारी माणसं आमच्याकडे आहेत. त्यांच्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, राजाला किल्लेकोट नसतो, त्याऐवजी एकदा घोड्याची उडी असते, आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तेच मोहरं होतं, हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. मुलं दोन्ही खेळ शिकतात आणि दोन्हीत चांगली रमतात. सुरुवातीला मुलगे आणि मुली सारख्याच बसतात, वजीर लवकर बाहेर काढून चार चालींत मात द्यायची घाई दोघांनाही सारखीच. आठवी-नववीत मुली कमी होऊ लागतात. डोकं कमी पडतं म्हणून नव्हे. तालुक्याबाहेर जायची वेळ येते, रात्र बाहेर काढायची असते, आणि घरातून कुणी चार दिवस मोकळं नसतं. आई कापूस वेचायला, संत्र्याच्या बागेत, नाहीतर बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात पाळीवर. ती जाणार कधी?

म्हणून दिव्याच्या यशाकडे बघताना मी आधी दोन गोष्टी बघतो. दार उघडं होतं का, आणि दारापर्यंत सोबत कोण गेलं. दार उघडायचं काम रोहिणी खाडिलकरने, झुझा पोल्गारने, नोना गाप्रिंदाश्विलींनी केलं. ते न्यायालयात, महासंघाच्या बैठकीत आणि पटावर झालं. सोबतीचं काम घरच्यांनी केलं. क्लारा पोल्गार मुलींबरोबर देशोदेशी फिरल्या, खाडिलकरांच्या घराने तिघींना उभं केलं, दिव्याची आई स्वतःचा डॉक्टरी व्यवसाय सांभाळून लेकीबरोबर राहिली. दिव्याच्या घराला हे परवडलं. आमच्याकडे ते बहुतेकांना परवडत नाही, आणि यावर उपाय घराघरांनी एकेकट्याने शोधायचा नाही. शाळेने चार मुलींमागे एक शिक्षिका पाठवावी, गावाने गाडीचा खर्च उचलावा, जिल्ह्याच्या स्पर्धा सौसर-पांढुर्ण्यातच व्हाव्यात. नागपूर हे करत आलं आहे. रौनक साधवानी २०१९ मध्ये तेरा वर्षांचा असताना ग्रँडमास्टर झाला, संकल्प गुप्ता २०२१ मध्ये, आणि त्यांच्या आधी अमरावतीचा स्वप्निल धोपाडे. वऱ्हाड-नागपूरच्या पट्ट्यात एका पिढीत हे घडलं, कारण वर्ग होते, प्रशिक्षक होते, जवळपास स्पर्धा होत्या. सीमेची रेघ ओलांडली की हे सगळं एकदम विरळ होतं, आणि पासष्ट किलोमीटरवर हे असायला नको.

नॉर्मच्या प्रश्नाबद्दल माझं मत आता लपवत नाही. पदवी दिव्याची आहे आणि पुरती कमावलेली आहे. शंभरावर खेळाडूंच्या स्पर्धेत दुसरं मानांकन, माजी जगज्जेती, हरिका आणि हंपी अशा चौघींना ओळीने बाद करणाऱ्या खेळाडूकडून आणखी कोणता पुरावा मागायचा? ती पुढे नेहमीच्या वाटेचे नॉर्मही करील, अशी माझी खात्री आहे. पण तसं झालं नाही तरी बातुमीचं मोल कमी होत नाही.

आता पुस्तकाविषयी. यातले डाव मोबाइलवर बोट फिरवत पाहू नका. लाकडी नाहीतर प्लॅस्टिकचा पट मांडा, मोहरी हाताने हलवा, आणि चाल वाचण्याआधी ती वहीच्या कागदाने झाका. आपण काय खेळलो असतो ते लिहून ठेवा, मगच कागद सरकवा. एका बैठकीत एकच डाव पुरे. ज्यांना सुरुवातीच्या चालींचं पाठांतर नाही त्यांनी घाबरू नये. त्या भागात टिपणं सविस्तर दिली आहेत. शिक्षकांना एक विनंती आहे. मुलांना सगळ्यात आधी विजयाचे डाव दाखवू नका. अंतिम सामन्यातला पहिला डाव घ्या, ज्यात पांढऱ्या मोहऱ्यांनी दिव्याला जिंकायची संधी मिळाली आणि ती निसटली. ती संधी नेमकी कोणत्या चालीला आली आणि कोणत्या चालीला गेली, हे मुलांना टिपण न वाचता शोधू द्या. त्यात दोन संध्याकाळी गेल्या तरी हरकत नाही. मग तानविरुद्धचा १०१ चालींचा डाव लावा, शेवटच्या चाळीस चालींपासून, आणि पटाशेजारी घड्याळही ठेवा.